दारालगतचा बाक

नांदेडच्या त्या क्लासमध्ये बसण्याचा एक नियम होता. दर रविवारी टेस्ट व्हायची आणि सोमवारी मार्कांप्रमाणे जागा बदलायच्या. सगळ्यांत जास्त मार्क पडलेला मुलगा पहिल्या बाकावर, फळ्यासमोर. मग उतरत्या क्रमानं एकेक मागं.

क्लास एका जुन्या कापसाच्या गोदामात भरायचा. गोदाम लांबट होतं. त्याला खिडक्या नव्हत्या आणि दार एकच, रस्त्याकडचं लोखंडी शटर. फळा आणि सरांचा ओटा पलीकडच्या टोकाला, भिंतीला लागून. म्हणजे हुशार मुलं आत खोलवर आणि ढ मुलं शटरजवळ. शिकवणं सुरू झालं की शटर कमरेपर्यंत खाली ओढलं जायचं. रस्त्याचा गोंगाट आत येऊ नये आणि उशिरा आलेली मुलं घुसू नयेत म्हणून. सर माईकवर शिकवायचे.

पालकांना हा नियम पसंत होता. सोमवारी सकाळी काही बाप कामावर जाताना स्कूटर थांबवायचे आणि वाकून शटरखालून आत बघायचे. आपला मुलगा या आठवड्यात किती आत गेला, हे त्यांना तिथंच कळायचं. मीही बघायचो. माझा भाचा अकरावीचं जवळजवळ सगळं वर्ष शेवटच्या बाकावर होता. त्याच्यासाठी मला वाकावंही लागत नसे. शटरखालून त्याच्या चपला दिसायच्या.

तो माझ्या थोरल्या बहिणीचा धाकटा मुलगा. बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. तिचं सासर औसा तालुक्यातलं, त्र्याण्णवच्या भूकंपात जी गावं भुईसपाट झाली त्यांपैकी एक. तिला दोन मुलं होती. भूकंपाच्या वर्षी थोरला दहावीत होता.

त्या वर्षी पंचमीच्या सणाला अक्काला माहेरी आणायला मुराळी म्हणून मी गेलो होतो. तेव्हा मी लातूरला एका दैनिकाच्या कार्यालयात होतो. दहावी-बारावीचे निकाल आणि बोर्डात आलेल्या मुलांच्या मुलाखती हे काम माझ्याकडं असायचं. त्या मुलाखतींत जवळपास प्रत्येक आई-बापाच्या तोंडी एक वाक्य यायचं: मुलाला अभ्यासाला स्वतंत्र खोली दिली. ते इतक्या वेळा लिहिलं होतं की मला ते खरं वाटायला लागलं होतं.

अक्काच्या घरी सगळे पुढच्या सोप्यात झोपायचे. थोरला तिथंच बल्बखाली वाचत बसायचा आणि धाकटा त्याचं पुस्तक ओढायचा. चहा पिता पिता मी म्हणालो, दहावीचं वर्ष आहे, आतली खोली याला द्या. तिथंच वाचेल, तिथंच झोपेल. आतल्या खोलीत ज्वारीची पोती होती. दाजींनी ती त्याच दिवशी सोप्यात आणून रचली. त्या खोलीला खिडकी नव्हती. मी म्हणालो, बरंच आहे, बाहेरचा आवाज येणार नाही.

गणपती बुडवून गाव झोपलं, त्या रात्री पहाटेच्या आधी घर खाली आलं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचं वजन. सोप्यात दारापाशी झोपलेले तिघं, अक्का, दाजी आणि धाकटा, जखमी होऊन बाहेर निघाले. आतल्या खोलीतला थोरला दुसऱ्या दिवशी सापडला.

त्यानंतर बरेच दिवस मी त्या भागातून बातम्या देत होतो. एका बातमीत असं वाक्य होतं: बहुतेक ठिकाणी अंगणात किंवा दाराजवळ झोपलेली माणसं वाचली. वाक्य बरोबर होतं. ते लिहिताना मला कोणाचं घर दिसत होतं, हे बातमीत नव्हतं. तसं लिहायची पद्धतही नाही.

अक्का मला यावर कधी काही बोलली नाही. दुसऱ्या वर्षी पंचमीला तिनं निरोप पाठवला की येऊ नको, मी बसनं येते. तेव्हापासून ती बसनंच येत राहिली.

भूकंपानंतर त्या गावांत पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायला लागल्या. त्यांवर मी पेपरात एक छोटी चौकट लिहिली होती. एका गुरुजींनी सांगितलं होतं की मुलं आतल्या बाजूला बसायलाच तयार नाहीत, सगळी दारात दाटी करतात. शेवटी त्यांनी फळाच उचलून दाराशेजारी आणला. चौकट चांगली झाली होती. संपादकांनी तसं कळवलंही होतं.

पुढं माझी बदली नांदेडला झाली. धाकटा चांगल्या मार्कांनी दहावी झाला तेव्हा त्याला कुठं घालायचं हा प्रश्न आला. दाजींचा कल लातूरकडं होता. लातूरला तेव्हा लांबलांबच्या जिल्ह्यांतून मुलं येत होती. ज्याच्या घरी जादा खोली तो ती मुलांना भाड्यानं देत होता. पण अक्काला मुलगा खोलीवर राहायला नको होता. ती त्याला घेऊन नांदेडला आली. चहा झाल्यावर म्हणाली, "ह्याला तुझ्याकडं ठीव. तुला कळतंय त्यातलं."

ती टोमणा मारत नव्हती. तिच्या आवाजात तसं काही सापडतं का, हे मी नीट ऐकलं होतं.

आमचं घर तळमजल्यावर दोन खोल्यांचं. मी त्याला आतली खोली देतो असं म्हणालो नाही. त्यानं स्वतःच पुढच्या खोलीत खाट टाकली, बाहेरच्या दाराला आडवी, आणि झोपताना कडी काढून ठेवली. माझी बायको आधी घाबरली, मग सवय झाली. शेजारणींना ती हसून सांगायची, "आमच्याकडं चोर आला तर त्याला आधी भाच्याची परवानगी काढावी लागंल." तो लाजायचा. "मामी, मी जागाच आसतो," म्हणायचा. ते खरं होतं.

अभ्यासाला तो कधी मागं नव्हता. सकाळी भाकरी खाताना पुस्तक मांडीवर असायचं. मामीला वाण्याची बेरीज तो कागद न घेता सांगायचा. आणि रविवारच्या टेस्टमध्ये मात्र तळाशी. मी त्याचे पेपर बघितले. पहिली गणितं सगळी बरोबर, अक्षर स्वच्छ, आणि शेवटची पानं कोरी. वेळ पुरत नाही का, विचारलं. "न्हाई पुरत," म्हणाला. मी त्याला माझं मनगटी घड्याळ दिलं.

इथं एक गोष्ट लिहायला हवी. दरवर्षी निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंचं पान मी लावायचो. त्या पानावर मला भाच्याचा फोटो हवा होता. दाजींना हवा असेल, अक्कालाही असेल. पण मला तो त्यांच्यासाठी नको होता. तो छापला गेला की थोरल्याच्या बाबतीत माझ्या बाजूला काहीतरी जमा होईल, असा काहीसा हिशेब होता. तेव्हा तो इतक्या स्पष्ट शब्दांत मांडला नव्हता.

क्लासचे सर जाहिरातीच्या कामानं आमच्या कार्यालयात यायचे. बोलके, कपाळावर कायम गॉगल चढवलेला. एकदा ते आले तेव्हा मी भाच्याचा विषय काढला.

"ते भूकंपाकडचं पोरगं तुमचं व्हय?" ते म्हणाले. "साहेब, लई चलाख हाय ते. तोंडी विचारलं की फाडफाड सांगतंय. पेपर हातात दिला की कुठं जातंय काय माहीत."

"मागं बसतोय म्हणून लक्ष लागत नसेल."

"तेच तर. नजरंसमोर पाहिजे."

"पण मार्कांचा नियम आहे ना तुमचा."

"नियम आपलाच हाय की साहेब! तुमचा भाचा म्हणल्यावर झालं. सोमवारपासून पहिला बाक, भिंतीकडंला. इकडंतिकडं बघायलाच जागा नको."

मी आभार मानले. वशिला हा शब्द आमच्या दोघांपैकी कुणी उच्चारला नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी भाच्याला सांगितलं. त्याचा हात ताटातच राहिला.

"मला तर मार्क न्हाईत तेवढे, मामा."

"ते मी बोललोय सरांशी. मार्क येतील मागून."

त्यानं मान खाली घातली. "बरं, मामा."

तो उठून हात धुवायला गेला तेव्हा बायको म्हणाली, "पोरगं खूश झालं नाही."

"लाजतोय," मी म्हणालो.

सोमवारी मी शटरखालून वाकून बघितलं. त्या दिवशी खाली त्याच्या चपला नव्हत्या. अगदी आत, ट्यूबलाइटखाली, भिंतीला खांदा लावून बसलेला तो दिसला. मी समाधानानं कार्यालयात गेलो आणि अक्काच्या गावातल्या एसटीडी बूथवर फोन करून तिच्यासाठी निरोप ठेवला की मुलगा पहिल्या बाकावर गेला.

नंतरच्या दिवसांत त्याचं खाणं कमी झालं. मामीनं विचारलं तर पोट जड आहे म्हणायचा. संक्रांत होऊन गेली होती, सकाळी हवेत अजून गारठा होता, आणि धुवायला टाकलेल्या त्याच्या शर्टाच्या पाठीवर घामाचं मीठ पांढरं उमटलेलं असायचं. बायकोनं शर्ट मला दाखवला. मी म्हणालो, गोदामात हवा खेळत नाही, मुलं दाटीनं बसतात. मग शर्ट कोरडे यायला लागले, तो जेवायलाही लागला, आणि मला वाटलं, रुळला.

काही आठवड्यांनी सर रस्त्यात भेटले. गाडी थांबवून म्हणाले, "साहेब, भाचा गावाकडं गेलाय का? तुमच्या शब्दाखातर जागा राखून ठेवलीय. बाकीचे पालक विचारायलेत."

भाचा त्या दिवशीही वेळेवर वह्या घेऊन घरातून निघाला होता.

दुपारी मी क्लासकडं गेलो. शटर नेहमीसारखं अर्धं खाली होतं. शटरच्या कडेला, गोदामाच्या भिंतीला लागून सायकलदुरुस्तीचं एक दुकान होतं, वर ताडपत्री, पुढं एक फळी टाकलेली. दुकान एका वयस्क मुसलमान गृहस्थांचं. मुलं त्यांना चाचा म्हणायची. फळीवर, रस्त्याकडं पाठ करून, भाचा बसला होता. वही मांडीवर, मान शटरकडं. आतून माईकवर सरांचा आवाज येत होता आणि तो भराभर लिहीत होता. मी बघत असतानाच शटरखालून एक हात बाहेर आला. हातात कागद. भाच्यानं न बघता तो घेतला, त्यावरची आकृती वहीत उतरवली आणि कागद परत आत सरकवला.

चाचांनी मला बघितलं. "आओ साब. पंक्चर?"

"नाही. त्या मुलाला बघायला आलोय. मामा आहे मी त्याचा."

"अच्छा, अच्छा! बैठो. वो तो अपना पर्मनंट गिऱ्हाईक हय. सायकल नहीं हय उसके पास, फिर बी रोज आता." ते हसले. "मास्तर का आवाज इधर बरोबर आता, साब. सुन सुन को मैं बी आधा इंजिनेर हो गया."

भाच्यानं वळून बघितलं आणि उभा राहिला. पळाला नाही.

तेवढ्यात तास संपला. शटर वर गेलं आणि सगळ्यांत आधी बाहेर आला तो त्या हाताचा मालक. मुखेडकडचा मुलगा, अंगानं भरलेला, हसऱ्या तोंडाचा. भाच्याचा वर्षभराचा बाकसोबती.

"हे मामा," भाचा त्याला हळू म्हणाला.

"पेपरवाले?" तो माझ्याकडं वळला. "मामा, तुमच्याकडं एक तक्रार हाय. छापा लागली तर. सारं वर्स ह्यानं माझी जागा खाल्ली. खऱ्या ढ पोरानं बसावं कुठं? मी इथं मन लावून नापास होऊन राहिलो, अन् हा मुद्दाम मार्क पाडून दारापाशी बसून राहिला."

"गप ए," भाचा म्हणाला.

"काय गप? घरी जाताना सगळी गणितं मला सोडवून दाखवतो, मामा. पेपरात मात्र शेवटची सोडून देतो. मी म्हणलं, तुला नको तर मला दे की!"

"मुद्दाम म्हणजे?" मी विचारलं.

मुखेडच्या मुलानं भाच्याकडं बघितलं आणि त्याचं हसू कमी झालं. "ह्याला दार लागतंय, मामा," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत नव्हतं?" मग चाचांकडं पाणी मागायला गेला.

भाचा फळीवर परत बसला. मी शेजारी बसलो. त्यानं सांगितलं ते थोडक्यात होतं. पहिल्या टेस्टला तो वर आला होता आणि त्याला बराच पुढचा बाक मिळाला होता.

"शटर वढलं, मामा, अन् मग सर काय म्हणत्यात ते ऐकूच यीना. तोंड हलताना दिसायचं निसतं. मागं दार दिसलं की ऐकू येतंय. मग मार्कच कमी पाडायला लागलो."

"आणि आता, पहिल्या बाकावर?"

"बसून बघितलं की. लई बघितलं. भिंत अंगावर येती."

"मला सांगायचं नाहीस?"

त्यानं वही मिटली. "तुमी पेपरात फोटो लावता पोरांचे," तो म्हणाला. "तुमाला काय सांगावं."

पत्र्याच्या शेडची चौकट मी लिहिली होती. दाराला आडवी टाकलेली खाट माझ्याच घरात होती. मिठाचा शर्ट मला दाखवला गेला होता, आणि कोरी पानं मी स्वतः उलटली होती. एखाद्या शिकाऊ बातमीदारानं इतकी माहिती टेबलावर असताना बातमी सोडली असती, तर मी त्याला उभं करून विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेलो आणि भाच्याला शेवटच्या बाकावर परत बसवा म्हणालो. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

"साहेब, मागच्या बाकासाठी वशिला आणणारे तुम्ही पहिलेच!"

मी कारण सांगितलं. त्यांनी गॉगल काढून टेबलावर ठेवला. वाईट माणूस नव्हता. "मला आधी कळलं असतं तर," म्हणाले आणि थांबले. तेच वाक्य मीही कालपासून म्हणत होतो. मग त्यांची अडचण त्यांनी सांगितली. भाच्यानं आता खरे मार्क पाडले आणि तरी मागं बसला, तर बाकीच्यांना काय सांगायचं? एकाला सूट दिली की सोमवारची मांडणी संपली. आणि पालक त्या मांडणीवरच मुलं पाठवत होते. शटर पूर्ण उघडं ठेवा म्हणालो, तर ट्रकचा आवाज माईकच्या वर जातो म्हणाले. तेही खरं होतं.

शेवटी भाच्यानंच सांगितलं की त्याला चाचांची फळी पुरे आहे. बारावीचं वर्ष तो तिथं शिकला. पावसात चाचा ताडपत्री पुढं ओढायचे. मुखेडचा मुलगा शटरखालून आकृत्या पुरवायचा. त्यासाठी त्याला फळ्याकडं बघावं लागायचं, आणि हळूहळू त्याचेच मार्क वाढायला लागले. "तुमच्या भाच्यापायी मी पास होऊन राहिलो, मामा," तो कुरकुरायचा. "आता मला पुढं बसवतील. मग ह्याला कागद कोण देईल?" तो खरंच एक बाक पुढं सरकला तेव्हा पुढच्या टेस्टमध्ये त्यानं काही गणितं सोडून दिली आणि परत शटरपाशी आला. हे त्यानं अभिमानानं सांगितलं. मी त्याला रागावलो नाही. रागवायला हवं होतं का, हे अजून ठरलेलं नाही.

पण बारावीची परीक्षा फळीवर बसून देता येणार नव्हती. त्या काळात कॉपी रोखायला पथकं फिरायची. पेपर सुरू झाला की वर्गांची दारं आतून लावून घ्यायचे. तीन तास बंद खोली, आणि प्रवेश सगळे बारावीच्या मार्कांवर. वर्षभर मी हे त्याच्याशी बोललो नाही. तोही बोलला नाही.

निकाल आधीच सांगतो. बातमीत तो शेवटासाठी ठेवत नाहीत. भाचा फर्स्ट क्लासमध्ये पास झाला. डिप्लोमाला प्रवेश मिळाला. आता लातूरला नोकरी करतो. फोटोंच्या पानावर तो नव्हता. ते पान त्याही वर्षी मीच लावलं, आणि प्रत्येक मुलाच्या घरी विचारून घेतलेली तीच वाक्यं फोटोंखाली टाकली. स्वतंत्र खोलीचं वाक्य मात्र काढलं. उपसंपादकानं कारण विचारलं तेव्हा जागा नाही म्हणालो.

परीक्षेसाठी अक्का गावाहून आली. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं नंबर बघायला केंद्रावर गेलो. सगळे जातात, मुलगा, आई-बाप, मामा, काका, खडूनं बाकावर लिहिलेला आकडा शोधत हिंडतात आणि सापडला की बाकाला नमस्कार करतात. भाच्याचा नंबर वरच्या मजल्यावर होता. खोलीच्या कोपऱ्यातला बाक, दारापासून सगळ्यांत लांबचा. मी दारात उभा राहून मधलं अंतर बघितलं. केंद्रप्रमुख माझ्या ओळखीचे होते. त्यांच्या शाळेच्या बातम्या आम्ही छापत होतो.

"तुम्ही थांबा," मी म्हणालो. "मी खाली जाऊन दारापाशी बदलून घेतो. पाच मिनिटांचं काम आहे."

भाचा बाकाजवळ उभा होता. त्यानं मान खाली घातली, पहिल्या बाकाची बातमी ऐकल्यावर घातली होती तशी.

"थांब," अक्का म्हणाली.

मी वळलो.

"आदी त्याला इचार."

"अक्का, तुला माहीत नाही, याला दार लांब असलं की..."

"मला म्हाईत न्हाई?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. शेजारच्या ओळीत एक बाप आपल्या मुलीच्या बाकावर हळदकुंकू लावत होता. त्याला ऐकूही गेलं नसेल. "थोरल्याला कुणी इचारलं न्हवतं. तू म्हणलास, मी हाव म्हणलं. त्याला त्या खोलीत भ्या वाटायचं. दोनदा म्हणला मला, आई, मी भाईर झोपतो. मी म्हणलं, मामा शिकलेला हाय, मामा सांगतो ते बरोबर आसतंय."

इतक्या वर्षांत तिनं त्या खोलीचा विषय काढला तो एवढाच. मला वाटत होतं की ती माझ्याविषयी गप्प आहे. ती स्वतःविषयीही गप्प होती. आणि थोरला दोनदा बोलला होता, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

मी भाच्याला विचारलं, "तुला कुठं बसायचंय?"

"हितंच," तो म्हणाला.

"दार लांब आहे."

"आसू द्या."

मला अजून एकदा विचारावंसं वाटलं. खाली जाऊन काम करून यावं आणि मग सांगावं, असंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. अक्कानं बाकाला नमस्कार केला आणि आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर नातेवाइकांची गर्दी होती. घंटा झाली, मुलं आत गेली, दारं लागल्याचे आवाज रस्त्यापर्यंत आले. अक्का कुंपणाजवळ पोतं टाकून बसली. कार्यालयात काम पडून असूनही मी तिथंच थांबलो. ज्यांची मुलं मध्येच बाहेर येत होती त्यांचे बाप फाटकाकडं धावत होते. प्रत्येक वेळी अक्का उठायची आणि परत बसायची.

भाचा शेवटच्या घंटेनंतर बाहेर आला. शर्ट पाठीला चिकटला होता. तोंड धुतल्यासारखं ओलं होतं. चारी बाजूंनी एकच प्रश्न ऐकू येत होता: पेपर कसा गेला, पेपर कसा गेला. अक्कानं त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. मीही तोच प्रश्न विचारणार होतो.

"जागा कशी होती?" मी विचारलं.

त्यानं आधी पाणी पिऊन घेतलं.

"खिडकी हाय तितं, बाकाजवळ. कडी गंजलेली हाय. काल तुमी दाराकडं बघत हुता तवा मी वढून बघितली. निगती."

मी वर बघितलं. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. कोपऱ्यातली एक उघडी होती.